भूकंपाला तीस वर्षं उलटली तरी आई घरात निजत नाही: किल्लारीकडच्या एका लेकीला उत्तर

ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई साठीच्या पुढची. १९९३ च्या भूकंपात किल्लारीजवळच्या तुमच्या गावात तिची दोन लेकरं आणि सासू गेली. तिला स्वतःला दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. तुमचा आणि भावाचा जन्म त्यानंतरचा, पुनर्वसनाच्या नव्या गावातला. गणपती विसर्जनापासून सप्टेंबर संपेपर्यंत आई स्लॅबखाली झोपत नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाज टाकते, उशाशी बॅटरी आणि चप्पल. न्हाणीची कडी ती बारा महिने लावत नाही. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीचा धक्का नांदेड-परभणीकडे जाणवला, त्याच्या बातम्या पाहिल्यापासून तिची झोप पारच उडाली. भावानं पुण्याला सातव्या मजल्यावर नेलं, तर आठवडाभरही राहिली नाही. तुम्ही विचारता, इतक्या वर्षांनी हे बरं होतं का, की आता असंच चालायचं? आणि तिला बोलतं करावं, की भाऊ म्हणतो तसं खपलीला हात लावू नये?

बरं होतं. सगळं पुसलं जात नाही, पण माणूस घरात निजायला लागतो, कडी लावतो, नातवाच्या बारशाला सातव्या मजल्यावर जाऊन चार दिवस राहतो, गेलेल्यांची नावं तोंडानं घेतो. साठी-सत्तरीच्या बायांमध्ये हे झालेलं मी पाहिलंय. मी या भागात भूकंपानंतरच्या हिवाळ्यापासून काम करते, आधी समाजकार्यकर्ती म्हणून आणि पुढे मानसोपचार शिकून. मात्र हा फरक कुणाला जबरदस्तीनं बोलतं करून पडत नाही, आणि खपली जपत बसूनही पडत नाही.

आईच्या वागण्यात तीन गोष्टी मिसळल्यात: सावधपणा, भीती आणि शोक. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, म्हणून घरचे तिन्हींवर एकच औषध लावतात, "आता विसर की."

सावधपणाला हातच लावू नका. उशाशी बॅटरी आणि चप्पल ठेवणं हा आजार नाही. अंधारात फुटक्या काचांवरून अनवाणी धावून पाय कापून घेतलेली माणसं कुठल्याही भूकंपानंतर दवाखान्यात दिसतात. लिफ्ट तिला नको वाटते, तेही चूक नाही. धक्का बसला तर लिफ्ट वापरायचीच नसते. अंगणातलं शेडही पाडू नका. भावाला ते शेड म्हणजे घराची शोभा घालवणारी अडगळ वाटत असेल, पण "वाटेल तेव्हा बाहेर जाता येतं" एवढ्या खात्रीवरच आई एक दिवस आत निजायला तयार होणार आहे. शेड गेलं तर ती खात्रीही जाईल.

आता भीती. तिच्या भीतीला हिशेब आहे आणि तो तुमच्या पिढीला दिसत नाही, कारण ती घरं तुम्ही पाहिलीच नाहीत. आपल्याकडचं खात्यापित्या माणसाचं घर म्हणजे माळवद. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, ओबडधोबड दगड चिखलात रचलेला. बाहेरचा थर आणि आतला थर एकमेकांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसायचाच. वर लाकडी खांब, तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची, खालचं ओझं कोण मोजतो? उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, पिढ्यान्‌पिढ्यांचा अभिमान. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून गाव उशिरा निजलेलं. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं मध्यमच, पण केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं. भिंतींचे थर फाकले आणि वरची माती खाली आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे ८,००० माणसं गेली. गावाच्या कडेच्या कुडाच्या, गवताच्या झोपड्या मात्र पुष्कळ ठिकाणी तशाच उभ्या राहिल्या.

आईच्या अंगात मुरलंय ते हे, की जाड छप्पर मारतं आणि पत्रा, कूड, उघडं आभाळ वाचवतं. ती पत्र्याखाली जाते ती त्या रात्रीच्या अनुभवाला धरूनच. नव्या गावांमध्ये घरांच्या चाव्या मिळाल्यावरही असंच झालं होतं. लोकांनी आत धान्याची पोती, कपाट, गाद्या ठेवल्या आणि स्वतः कित्येक वर्षं अंगणात पत्रे टाकून झोपले. बाहेरून येणारे साहेब कपाळाला हात लावायचे, एवढी पक्की घरं देऊनही यांना कळत नाही म्हणून.

तेव्हा पहिलं काम मानसोपचाराचं नाहीच. घर तपासून घ्या. पुनर्वसनाची घरं आता तिशीच्या घरात आलीत. स्लॅबचे पोपडे सुटलेले, सळया गंजून उघड्या पडलेल्या, मागं-पुढं जोडखोल्या बांधताना जुन्या भिंतीत खाचा मारलेल्या, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहते. तालुक्याच्या ठिकाणचा चांगला सिव्हिल इंजिनिअर बोलवा आणि तो येईल तेव्हा आईला घरात ठेवा. तिला विचारू द्या. बीम कुठंय, भिंतींना सगळीकडून बांधून धरणारा काँक्रीटचा पट्टा कुठंय, ही भेग वरवरची की आतली, हे त्यानं तुम्हाला न सांगता तिला सांगावं. दुरुस्ती निघाली तर आधी दुरुस्ती. ज्या घरात खरोखर धोका आहे तिथं कुणाला निर्भय करायला जाऊ नये. कपाट भिंतीला क्लॅम्पनं बांधा, पलंगावरच्या फळीवरची जड भांडी खाली आणा. ही कामं आईच्या देखरेखीखाली होऊ द्या.

त्यानंतर भीतीचं काम, आणि ते अगदी छोट्या जागेपासून. तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ ला इझमितचा भूकंप झाला, तोही पहाटे ३ च्या सुमारास, माणसं झोपेत असताना. तिथं मेतिन बाशोग्लू या मनोविकारतज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्यांवर पुष्कळ काम केलं. तिथंही लोक घरात शिरायला, न्हाणीघराचं दार लावायला, दिवा मालवायला घाबरत होते. त्यांची पद्धत मला पटते आणि आपल्याकडे ती उपयोगी पडल्याचंही मी पाहिलंय. भीती जाण्याची वाट बघायची नाही. जे टाळतोय त्यातलं एक सोपं निवडायचं, मुद्दाम करायचं, आणि भीती वर चढून आपोआप खाली येईपर्यंत तिथंच थांबायचं. भीती शिगेला असताना पळालो तर मन धरून बसतं की पळालो म्हणून वाचलो. ती ओसरेपर्यंत थांबलो, तर आपण तिच्यापेक्षा जास्त वेळ टिकू शकतो हे कळतं. हा ताबा परत येणं, हेच त्या उपचाराचं मर्म.

आईसाठी मी न्हाणीच्या कडीपासून सुरुवात करीन. आधी तिला समजावून विचारा, "करून बघायचं का?" हो म्हणाली तरच. पहिले काही दिवस दार नुसतं ओढून घ्यायचं. मग कडी लावून आत नुसतं उभं राहायचं, अंघोळ नाही, पाणी नाही. तुम्ही बाहेर बसा, पण बोलू नका. "काही होत नाही गं" असं दर मिनिटाला म्हटलंत तर तिला आधार तुमच्या आवाजाचा मिळेल, स्वतःचा नाही. छाती धडधडेल, पाय कापतील. तिनं मनातल्या मनात शून्य ते दहात भीती मोजायची, आणि ती निम्म्यावर आली की कडी काढायची. कधी पाच मिनिटांत येईल, कधी अर्धा तास लागेल. कडी जमली की दुपारची झोप आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून. मग रात्रीचे दोन तास. पुण्याचा सातवा मजला या यादीत सगळ्यात शेवटी. भावानं तिला थेट तिथंच नेलं, म्हणून ते फसलं. तिला हृदयाचा त्रास असेल तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि गणपतीच्या महिन्यात नवी पायरी घेऊ नका. आता आषाढ आहे, हाताशी वेळ आहे. गणपती आले की जिथवर पोचलो तिथं थांबायचं आणि पुढचं दिवाळीनंतर.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचं (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत) घर रस्त्याला लागून होतं. खडीचा डंपर गेला की त्या अंगणात. त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. मांडणीवर स्टीलचा पेला काठोकाठ भरून ठेवायचा. हादरा जाणवला की उठून आधी पेल्याकडे बघायचं. डंपर असेल तर आधी घरघर ऐकू येते आणि पाणी नुसतं शहारतं, हे त्यांनी बघून बघून ठरवलं. भूकंपशास्त्राच्या दृष्टीनं हे कितपत टिकेल, हा प्रश्न अलाहिदा. पण धावण्याआधी बघायचं, एवढी फट त्या पेल्यानं तयार केली, आणि त्या फटीत आमचं निम्मं काम झालं. तुमच्या आईलाही अशी एखादी स्वतःची युक्ती सुचेल. सुचली तर तिला हसू नका.

औषधांचं थोडक्यात. तुम्ही लिहिलंय की गावातल्या डॉक्टरांनी पूर्वी दिलेली झोपेची "अर्धी गोळी" ती वर्षानुवर्षं घेते. ही बहुधा अल्प्राझोलाम किंवा त्याच घराण्यातली असेल. तिची सवय लागते, उतारवयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि भीतीवर जे शिकायचं ते शिकण्यात ती आडवी येते. आपत्तीनंतर लगेच अशा गोळ्या सर्रास देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही मार्गदर्शन आहे. तरीही आजच्या आज बंद करू नका. एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, अंग थरथरतं, क्वचित झटकेही येतात. मनोविकारतज्ज्ञाकडून हळूहळू कमी करून घ्या. गरज वाटली तर ते दुसऱ्या प्रकारचं, सवय न लागणारं औषध देतील. थायरॉईड, साखर, रक्तदाब एकदा तपासून घ्या. झोप जाण्याचं सगळं बिल भूकंपाच्या नावावर फाडू नये.

शोकाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तुमच्या आईचं खरं दुखणं तिथं आहे असं मला वाटतं.

भूकंपानंतरच्या दिवसांत पाऊस होता. मृतदेह इतके होते की एकेकाचे अंत्यसंस्कार शक्यच नव्हते. पडलेल्या घरांचीच लाकडं रचून सामुदायिक चिता पेटवल्या. जखमींना लातूर-सोलापूरच्या दवाखान्यांत नेलेलं. आपल्याकडे बाया एरवीही स्मशानात जात नाहीत. म्हणजे तुमच्या आईसारख्या कित्येक बाया इकडे दवाखान्यातल्या खाटेवर होत्या आणि तिकडे त्यांची लेकरं अग्नीत गेली होती. तोंड बघितलं नाही, हात लावला नाही, दहावं-तेरावं कुणाचं कधी केलं याचा पत्ता नाही. घराबरोबर फोटोही गेले, त्यामुळं भिंतीवर हार घालायला तसबीर नाही. मेलेलं माणूस मेलं हे बुद्धीला कळतं, पण मनाला ते पटवून देणाऱ्या ज्या गोष्टी माणसांनी हजारो वर्षांत उभ्या केल्या, त्यातली एकही तिच्या वाट्याला आली नाही.

त्यात अपराधीपण. वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक आईकडे त्या रात्री कोण कुठं निजलं होतं याचा नकाशा असतो, आणि तो ती रोज उघडून बघते. एका बाईंनी लेकरांना आत निजवलं होतं आणि स्वतः ओसरीवर होत्या. "तुझी काही चूक नाही" हे त्यांना सगळ्या गावानं सांगून झालं होतं. त्यानं काडीचाही फरक पडला नव्हता. मी विचारलं, आत का निजवलंत? म्हणाल्या, धाकट्याला खोकला होता, गार वारा लागू नये म्हणून. मी म्हटलं, खोकणाऱ्या लेकराला त्या रात्री कुणी उघड्या ओसरीवर निजवलं असतं तर तुम्ही तिला काय म्हणाला असता? बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "बया, काय आई हाय का कोन, आसं म्हनले आसते." त्या दिवशी त्या नकाशात पहिल्यांदा आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे खोकला.

तुमच्या आईच्या मनातही असं काही असेल तर तिला सल्ला देऊ नका, त्या वेळी तिला काय माहीत होतं ते विचारा. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीच्या आसपास लहान-लहान धक्के बसत होते. लोक घाबरून बाहेर झोपलेही होते. काही झालं नाही, आणि लोक पुन्हा आत गेले. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. तो बदलला भूकंपानंतर. जे शास्त्रज्ञांच्या नकाशात नव्हतं ते एका तरण्या सुनेला कुठून कळणार? हे तिला एकदा शांतपणे सांगण्यासारखं आहे, वाद घालण्यासाठी नव्हे.

बोलतं करण्याबद्दल: आपत्तीनंतर माणसाला बसवून "काय काय झालं ते सगळं सांग" असं एका बैठकीत वदवून घेण्याची पद्धत एके काळी फार चालायची. तिचा फायदा होत नाही, काहींना उलट त्रासच होतो, हे पुढे अभ्यासांतून दिसून आलं. तेव्हा भावाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. पण तीस वर्षं घरात त्या दोन लेकरांचा विषयच न निघणं म्हणजे काही विश्रांती नव्हे. ती स्वतःहून काही म्हणाली, शेंगा फोडताना, पोळ्या लाटताना, तर हातातलं काम न सोडता ऐका. डोळ्यात बघत बसू नका. "त्याला काय आवडायचं गं?" असा साधा प्रश्न चालतो. "देवाची मर्जी", "तू वाचलीस हेच नशीब", "आम्ही आहोत ना" ही तिन्ही वाक्यं टाळा. तिसरं सगळ्यात जास्त टाळा.

का, ते सांगते. पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की तुमचं नाव तुमच्या आधीच्या बहिणीचं आहे, आणि आई तुम्हाला कधीच नावानं हाक मारत नाही, "माय" म्हणते. तुम्हाला ही बाजूची गोष्ट वाटली असेल. मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. भूकंपानंतर जन्मलेल्या अनेक लेकरांना गेलेल्यांची नावं मिळाली. त्यात प्रेम होतं आणि गेलेलं परत आलं असं म्हणण्याची धडपडही होती. पण अशा लेकरावर न सांगता एक काम येऊन पडतं: कुणाची तरी जागा भरायची. ती जागा कधीच भरत नाही, आणि लेकराला वाटतं आपणच कमी पडलो. तुम्ही लग्न करून लातूरला राहिलात, पुण्याची नोकरी सोडलीत, रोज रात्री दोनदा फोन करता. हे सगळं आईसाठी आहे की त्या नावासाठी, हे एकदा स्वतःला विचारा. कुणाशी बोलावंसं वाटलं तर आईच्या आधी तुम्ही समुपदेशकाकडे जा, त्यात वावगं काही नाही. आणि आईला जमेल तेव्हा विचारा, "ती कशी होती? माझ्यासारखी होती का?" नाही म्हणाली, "ती लई हट्टी होती, तू तशी न्हाईस," तर समजा की तुम्ही दोघी तिच्या मनात वेगळ्या झालात. दोघींसाठीही ते चांगलं.

आशेचा प्रश्न तुम्ही सरळ विचारलाय, म्हणून माझं मत सरळ सांगते. आशा माणसाला समजावून देता येत नाही. या भागात ती परत आली ती जिथं माणसांच्या हातात काही ठरवायला मिळालं तिथं. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घर पक्कं, पण गल्ली गेली. भावकी, शेजार, बसायचा पार, सगळं लांब-रुंद सरळ रस्त्यांवर विखुरलं. संध्याकाळी कुणाच्या दारात जाऊन बसायचं हे कित्येक बायांना कळेना. मदत मिळाली, फार मिळाली, आणि ती घेताना माणसं पुष्कळदा नुसती रांगेत उभी राहिली.

त्याउलट जिथं जुनी घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथं वेगळं चित्र दिसलं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावागावांत महिला मंडळांतल्या बायांना "संवाद सहायक", म्हणजे गावकरी आणि सरकारी यंत्रणा यांच्यातला दुवा, म्हणून उभं केलं. एरवी चार पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाया गवंड्याला विचारू लागल्या, आरपार दगड कुठं घातलास? कोपऱ्यांना पट्टा का नाही? त्यातल्या कितीतरी जणींचं स्वतःचं माणूस गेलेलं होतं. भिंत कशानं पडली हे ज्या बाईला समजलं आणि ती पुन्हा पडू नये म्हणून जिनं स्वतः उभं राहून काम करून घेतलं, तिची झोप लवकर परतली. हे कुठं मोजलेलं नाही, माझं बघितलेलं आहे.

मुलांचंही असंच गुंतागुंतीचं. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, वाघोलीला त्यांची सोय केली. त्यातली अनेक शिकून पायावर उभी राहिली. तो मोठाच पल्ला होता. पण आधीच अर्धं कुटुंब गेलेल्या घरातून उरलेलं लेकरूही लांब गेलं, हे मागं राहिलेल्या आज्यांच्या तोंडून ऐकताना जड जायचं. मी दोन्ही गोष्टी सोबतच धरते.

तुमच्या आईसाठी याचा अर्थ काय? तिच्याकडून कामं काढून घेऊ नका. "आता आराम कर" हे तिच्या बाबतीत औषध नाही. शेळ्या, बचत गट, सोयाबीनच्या खुरपणीची मजुरं ठरवणं, जे ती करते ते करू द्या. आणि तिला जमेल असं वाटलं तर गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भूकंपाचा सराव घेतात तेव्हा शिक्षकांना सांगून तिला बोलवा. भाषण नको. धक्का बसला की दारामागं का उभं राहायचं नाही, डोकं कसं झाकायचं, दप्तर का घ्यायचं नाही, एवढं पोरांना दाखवू द्या. भीतीनं जे ज्ञान तिला दिलं ते कुणाच्या उपयोगी पडतंय हे तिला दिसू द्या.

दवाखान्यात ताबडतोब कधी न्यायचं: "मला पण त्यांच्याकडं जायचंय" अशी भाषा आली, जेवण तुटलं, पंधरा दिवस अंथरूण सुटलं नाही, किंवा गोळ्यांचा साठा करताना दिसली तर थांबू नका. लातूर आणि धाराशिवच्या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. अडीनडीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही चालतो, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

आता येणारा सप्टेंबर. आईच्या पिढीचं दुखणं तिथीलाही येतं आणि तारखेलाही. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली. तारीख ३०, म्हणजे मधले २४ दिवस ती ताटकळत राहिली असणार. यंदा यातला एकच दिवस तिनं निवडावा. विसर्जनानंतर पितृपक्ष लागतोच, तेव्हा जुन्या गावठाणात जाता येईल. ३० तारखेला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी मानवंदना, भाषणं, गर्दी असते. पहिल्यांदा जाताना तो दिवस टाळा. सकाळच्या वेळी, घरचीच माणसं. दोन्ही लेकरांची आणि आजीची नावं कुणीतरी मोठ्यानं घ्यावीत, त्यांच्या आवडीचं काही घरून करून न्यावं. आई रडली तर रडू द्या, पाण्याची बाटली पुढं करण्याची घाई नको. मधेच परत फिरूया म्हणाली तर फिरा. पुढच्या वर्षी जा.

आणि वडिलांना सोबत न्या. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, "वडील शेतावरच असतात." आई दवाखान्यात असताना अग्नी देणारे तेच होते. मुलांना कुठं नेलं, कुणाशेजारी ठेवलं, अंगावर काय घातलं होतं, आईला तीस वर्षं जे माहीत नाही त्यातलं बरंचसं त्यांना माहीत असण्याची शक्यता आहे. त्यांनी ते तिला कधी सांगितलंय का, हे जाण्याच्या आधी एकदा शेतावर जाऊन त्यांना विचारून घ्या. सांगायची तयारी नसेल तर आग्रह नको, पण त्या दिवशी गाडीत आईशेजारी बसायला सांगा.